वाळवंटी डोंगरात मुलांसह मुक्काम

हिशोब पाण्यापासून सुरू करा. माणशी दिवसाला ४ लिटर, तेही फक्त पिण्यासाठी. स्वयंपाकाचं आणि भांड्यांचं वेगळं. सगळं एकाच मोठ्या कॅनमध्ये भरू नका. तो फुटला की मुक्काम तिथेच आटोपला.

तंबूसाठी कोरड्या ओढ्याचं पात्र मोह घालतं: सपाट, मऊ, आडोशाचं. तिथे मुळीच नको. पाऊस दूरच्या डोंगरावर पडतो आणि इथे निरभ्र आकाशाखाली लोंढा येतो. काठापासून बरंच वर, घट्ट जमीन शोधा. भुसभुशीत वाळूत खुंट्या धरत नाहीत. त्याऐवजी पिशवीत वाळू भरा, तोंड आवळा, तंबूची दोरी पिशवीला बांधून ती हातभर खोल पुरा आणि वरून पायाने दाबा.

चालायला उजाडताच निघा, दहाच्या आत परत या. उन्हात मोठ्या माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. निम्मं संपायच्या आत मागे फिरा, माथा राहिला तरी चालेल. लहान मुलं बऱ्याचदा तहान सांगत नाहीत, नुसती किरकिरतात. दर १५-२० मिनिटांनी घोटभर पाजा, सोबत काहीतरी खारट द्या. नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, मळमळतं, डोकं ठणकतं.

निवडुंगाचं काटेरी बोंड चिकटलं तर हात लावू नका. कंगवा खाली सरकवून झटक्यात उडवा, उरलेले काटे चिमट्याने काढा.

रात्री गारठा पडतो, कानटोप्या हव्यातच. सकाळी बूट उलटे करून आपटा, मगच पाय घाला. विंचवांना आत बसायला आवडतं.