कडक कोच की मोकळा कोच? मुलींच्या कॉलेज बास्केटबॉल टीमसाठी आपली पद्धत कशी ठरवायची

नव्याने हेड कोच झालेला प्रत्येक जण हेच विचारतो, की मी कडक राहू का मोकळं. मला विचाराल तर हा प्रश्न नंतरचा आहे. तुम्ही कडक का आहात हे टीममधल्या शेवटच्या मुलीलाही कळतंय का, हे आधी बघा. ते कळत असेल तर मुली खूप काही सहन करतात, नसेल तर गोड बोलूनही टीम हातातून जाते.

अमेरिकेतलंच बघा. टेनेसी युनिव्हर्सिटीच्या पॅट समिट १९७४ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी हेड कोच झाल्या, २०१२ पर्यंत १०९८ मॅच आणि ८ नॅशनल टायटल जिंकली, आणि त्यांनी नुसतं रोखून बघितलं तरी मुली गार पडायच्या. पण त्यांचा नियम होता की लेक्चर बुडवायचं नाही आणि वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, आणि त्यांच्याकडे पूर्ण चार सीझन खेळलेली प्रत्येक मुलगी डिग्री घेऊन बाहेर पडली. सुरुवातीच्या काळात टीमचे कपडे त्या स्वतः धुवायच्या, व्हॅनपण स्वतःच चालवायच्या. अशा माणसाने ओरडलं तर ते आपल्या भल्यासाठी आहे हे मुलीला समजावून सांगावं लागत नाही.

तर पहिलं काम, सीझन सुरू व्हायच्या आधी तीन-चारच नियम ठरवा. जास्त नको. वेळेवर येणं, डिफेन्सला धावत परत येणं, बेंचवरून टीममेटला आवाज देणं, असे डोळ्यांना दिसणारे. आणि लिहायच्या आधी स्वतःला विचारा, माझी सगळ्यात जास्त स्कोअर करणारी मुलगी हा नियम मोडेल तेव्हा तिला मी बेंचवर बसवणार का? उत्तर ‘बघू’ असेल तर तो नियम काढून टाका. स्टार प्लेअरला एक माप आणि बाराव्या मुलीला दुसरं हे टीम पहिल्या आठवड्यातच ओळखते, आणि मग तुमचं बाकीचं बोलणं कोणी मनावर घेत नाही.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, रोलबद्दलचं बोलणं. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकीला एकटीला बोलवा, आधी तिला विचारा की तुला वाटतं तुझा रोल काय, मग तुमचं मत सांगा. दोन्हीत फरक निघणारच. हायस्कूलला २५ पॉइंट मारणारी मुलगी इथे आठ मिनिटं खेळणार असेल तर ते तिला तुमच्या तोंडून कळू दे, स्कोअरशीटवरून नको. आणि मिनिटं वाढायला काय लागेल ते नेमकं सांगा. ‘अजून मेहनत कर’ याने काही होत नाही, ‘पिक अँड रोलला (समोरची एक मुलगी आडवी उभी राहून तुझी वाट अडवते, ती स्क्रीन) तू स्क्रीनच्या मागून जातेस, पुढून बॉलवालीला चिकटून जायला लाग’ हे तिला उद्या करता येतं. दर महिन्याला परत हेच बोला, दहा मिनिटं पुरतात.

आता प्रॅक्टिस. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतले कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था, तिच्या नियमाने सीझनमध्ये आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त ४, आणि एक दिवस सुट्टी. म्हणजे लांबलचक भाषण हे तुमच्याच वेळातून जातं. कनेटिकट युनिव्हर्सिटीचे कोच जीनो ऑरिएमा पाच मुलींसमोर प्रॅक्टिसला मुलांची टीम उभी करतात, कधीकधी पाचपेक्षा जास्त मुलं, म्हणजे कठीणपणा ड्रिलमध्येच असतो, तो आवाजातून आणावा लागत नाही. १९८५ ला ते आले तेव्हा त्या टीमच्या नावावर आख्ख्या इतिहासात एकच विनिंग सीझन (हरल्यापेक्षा जिंकलेल्या मॅच जास्त) होता, आता १२ टायटल आहेत. जीभ तिखट आहे त्यांची, पण नुसती जीभ उचलून काही मिळणार नाही, ड्रिल उचला.

ओरडायचं असेल तर कृतीवर ओरडा. ‘बॉक्स आउट केलं नाहीस’ (रिबाउंडसाठी समोरचीला अंगाने मागे अडवलं नाहीस) चालेल, ‘तू आळशीच आहेस’ नाही, आणि वजनावर, शरीरावर तर एक शब्दही नको, ते काम डॉक्टर आणि डाएटिशियनचं. यात अजून एक गोष्ट येते जी लोक विसरतात. मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट फाटण्याचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो, आणि कोचला घाबरणारी मुलगी गुडघा दुखतोय हे सांगत नाही, लपवते, खेळत राहते, आणि मग पूर्ण सीझन जातो. दुखणं सांगणाऱ्या मुलीची मिनिटं त्यासाठी शिक्षा म्हणून कापली जाणार नाहीत हे तोंडाने सांगा आणि तसंच वागा.

पद्धत टीम बघून पण ठरते. २०२३ च्या नॅशनल फायनलला आयोवाच्या कोच लिसा ब्लूडर यांच्याकडे वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्या पाच जणी होत्या, समोर एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट) कोच किम मल्की यांनी दुसऱ्या कॉलेजांतून ट्रान्सफर होऊन आलेल्या मुली घेऊन दोनच वर्षांत टीम बांधलेली, आणि एलएसयू १०२-८५ ने जिंकली. जुन्या टीमला मोकळीक देता येते, एकमेकींचं खेळणं त्यांना पाठ असतं. नवीन टीमला सुरुवातीला कमी प्ले (ठरवून बसवलेल्या चाली) आणि जास्त स्पष्ट सूचना द्या.

आणि धीर धरा हो. कोच डॉन स्टेली यांचा साउथ कॅरोलिनातला पहिला सीझन १०-१८ होता, म्हणजे १० जिंकल्या, १८ हरल्या, पहिलं टायटल २०१७ ला आलं. २०२३ ला सेमीफायनल हरल्यावर त्यांच्या पाचही स्टार्टर गेल्या, पुढच्या सीझनला बेंचवरच्या मुली पुढे आल्या आणि टीम ३८-० राहिली. बेंचवर आधीपासून मेहनत घेतलेली असते तेव्हाच असं होतं.

सीझन संपला की प्रत्येकीशी परत एकटीशी बोला, सोडून जाणाऱ्यांशी आधी. २०२१ पासून पहिल्यांदा ट्रान्सफर होणाऱ्या मुलीला एक वर्ष न खेळता बसायची अट राहिलेली नाही, त्यामुळे नाराज मुलगी थांबत नाही. तिला अडवू नका, फक्त विचारा की कुठल्या महिन्यात तुला पहिल्यांदा वाटलं की इथून जावं. उत्तर लिहून ठेवा, आणि त्या महिन्यात तुम्ही तिच्याशी रोलबद्दल बोलला होतात का ते तुमच्या वहीत शोधा.