डीस्पेसमध्ये डब्लिन कोअर पुरत नसेल तर स्वतःची स्कीमा कशी जोडायची

जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून डीस्पेसवर (डिजिटल ग्रंथसंग्रह चालवायचं सॉफ्टवेअर) चढवायला घेतली की लगेच अडतं. आतल्या पानावर छापलंय 'शके 1810' आणि फॉर्म मागतोय इसवी सन, मग कुणी 1888 टाकतं, कुणी 1889, कुणी सरळ 1810च टाकून मोकळं होतं आणि पुस्तक 78 वर्षांनी म्हातारं होतं. डब्लिन कोअर म्हणजे पुस्तकाची माहिती (शीर्षक, लेखक, तारीख वगैरे) नोंदवायचा ठरलेला साचा. त्याचे मूळ घटक 15, त्यात शके, मोडी लिपी, पोथीचा लेखनिक यांना नीट जागा नाही. म्हणून ते 'डिस्क्रिप्शन'मध्ये कोंबू नका प्लीज, तिथून नंतर काही वेगळं काढता येत नाही.

आधी रजिस्ट्रीत (डीस्पेसमधली सगळ्या फील्डची यादी) बघा, डीसी-टर्म्स म्हणजे डब्लिन कोअरची वाढवलेली यादी तिथे आधीपासून असते, हवं ते फील्ड त्यात सापडलं तर तेच वापरा. नाही सापडलं तर अॅडमिन लॉगिन करून रजिस्ट्रीज, मग मेटाडेटा. तिथे नवीन स्कीमासाठी, म्हणजे फील्डच्या नव्या संचासाठी, दोनच गोष्टी लागतात, नेमस्पेस (संचाची वेगळी ओळख) आणि छोटं नाव. नेमस्पेस वेब पत्त्यासारखा दिसतो पण तो ब्राउझरमध्ये उघडलाच पाहिजे असं नाही, फक्त दुसऱ्या कुठल्या स्कीमाचा नको. नाव इंग्रजी अक्षरांत, टिंब आणि स्पेस टाळून, समजा 'pothi' (पोथी). मग त्यात फील्ड बनवा: शके, लिपी, लेखनिक. प्रत्येकाला स्कोप नोट (त्या फील्डमध्ये काय भरायचं याची टीप) लिहाच, दोन वर्षांनी नवीन माणूस येतो तेव्हा तीच कामाला येते.

एक लक्षात ठेवा, डीस्पेसचा मेटाडेटा (पुस्तकाबद्दलची नोंदवलेली माहिती) सपाट असतो: स्कीमा, एलिमेंट (घटक), क्वालिफायर (घटकाचा पोटप्रकार), बस. मॉड्स या ग्रंथालयांच्या दुसऱ्या साच्यासारखी एकात एक घुसलेली रचना इथे जशीच्या तशी बसत नाही.

फील्ड बनलं तरी फॉर्ममध्ये आपोआप येत नाही. मी सांगतोय ते डीस्पेस 7चं: कॉन्फिग फोल्डरमधल्या सबमिशन-फॉर्म्स फाइलमध्ये ते जोडायचं, लेबल आणि हिंट मराठीत द्यायची आणि टॉमकॅट (ज्या सर्व्हरवर डीस्पेस चालतं तो) रिस्टार्ट. बाजूला फिल्टर म्हणून हवं असेल तर डिस्कव्हरी म्हणजे शोधाच्या फाइलमध्येही नोंद करून इंडेक्स पुन्हा बांधा. या फाइल्स बदलण्याआधी कॉपी काढून ठेवा, एक टॅग बंद करायचा राहिला तरी अख्खं सर्व्हर उठत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरचे पोर्टल ओएआयवरून (नोंदी आपोआप देण्याघेण्याची ठरलेली पद्धत) नोंदी उचलतात तेव्हा साध्या डब्लिन कोअरच्या साच्यात फक्त डीसीचीच (डब्लिन कोअरची) फील्ड जातात, तुमची 'पोथी' घरातच राहते. त्यामुळे दोन्ही भरा. पोथीच्या शके फील्डमध्ये पुस्तकावर छापलंय तसंच 1810, आणि डीसीच्या इश्यूड (प्रकाशनाच्या) तारखेत इसवी सन. महिना चैत्र असेल तर 78 मिळवून 1888, फाल्गुन असेल तर 79 मिळवून 1889. महिनाच दिला नसेल तर सगळ्यांनी 78च मिळवायचे असं ठरवून टाका आणि तो नियम स्कोप नोटमध्ये लिहा.

जुन्या नोंदी एकेक उघडत बसू नका. कलेक्शनची सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी तक्त्याची साधी फाइल) एक्स्पोर्ट करा, नवीन फील्डच्या नावाचा कॉलम जोडा, भरा, परत इम्पोर्ट करा. पण आधी पाचच ओळींची फाइल टाकून बघा. आणि एक्सेल तारखा स्वतःच्या मनाने बदलतं, म्हणून तो कॉलम टेक्स्ट करूनच फाइल उघडा.