ग्राहकवाढ मोजताना कोणते आकडे धरावेत
ॲप आजवर किती जणांनी डाउनलोड केले, हा आकडा केवळ चढतच जातो. म्हणून निर्णय घेताना तो निरुपयोगी ठरतो. कोल्हापुरातून दुकान व ॲप या दोन्ही मार्गांनी गूळ विकणाऱ्या स्टार्टअपने आधी ‘सक्रिय ग्राहक’ कोणाला म्हणायचे ते ठरवावे. घरातला गूळ दोनेक महिन्यांत संपत असेल, तर 60 दिवसांत पुन्हा मागणी नोंदवणारा तो सक्रिय, ही व्याख्या चालेल. चपलांच्या विक्रीला मात्र तीच लावल्यास चांगला ग्राहकही गळाल्यासारखा दिसेल.

त्यानंतर ग्राहकांचे महिनावार गट पाडावेत. जूनमध्ये प्रथम आलेल्या 200 जणांपैकी 50 जण ठरलेल्या मुदतीत परतले, तर टिकून राहण्याचे प्रमाण 25 टक्के होते. पुढच्या प्रत्येक गटात ते घसरत असेल, तर एकूण संख्या वाढूनही धंदा आतून पोखरला जात आहे. नवरात्रातील गट वेगळाच ठेवावा, कारण अंबाबाईच्या दर्शनाला आलेले अनेक जण एकदाच खरेदी करून जातात. त्याची तुलना गेल्या नवरात्राशीच करावी.

नवा ग्राहक मिळवण्याच्या खर्चात जाहिरातीबरोबर सवलती आणि विक्री करणाऱ्यांचे पगारही धरावेत (हे सोयीस्करपणे विसरले जाते), आणि तो खर्च विक्रीतून नव्हे, तर ढोबळ नफ्यातून (विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेतून) किती महिन्यांत वसूल होतो ते पाहावे.