आषाढात खड्डे कोण खणणार?

उद्यानविद्येची पदवी घेऊन रिसॉर्टच्या बागकामावर रुजू होणाऱ्याने रोपांची यादी हातात घेण्याआधी मजुरांच्या टोळीतल्या कोणाची शेती कुठे आहे आणि तिच्यात काय पिकते, हे विचारून घ्यावे. मी ते विचारले नव्हते.

माझे पहिले काम सातारा जिल्ह्यात बामणोलीच्या बाजूला, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी होते. मालकांना किनारपट्टीवर असते तशी दाट हिरवाई हवी होती, म्हणजे हेलिकोनिया, अरेका पाम आणि पंख्यासारखा पसरणारा ट्रॅव्हलर्स पाम. आराखड्यात लागवड जूनअखेर ते जुलै अशी धरली होती. झाडांच्या दृष्टीने ती योग्यच होती, पण ज्या पंचवीस माणसांच्या भरवशावर ती व्हायची, त्यांच्या वाफ्यांतला भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपे, नेमका त्याच दिवसांत लावणीला येतो. आषाढाच्या पहिल्या आठवड्यात कामावर सहा जण आले. नर्सरीचा ट्रक दारात उभा होता. मी मुकादम मामांना जरा चढ्या आवाजातच जाब विचारला, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, झाड पिशवीत म्हैनाभर ऱ्हाईल. तरवा ऱ्हात न्हाई." तरव्याचे वय वाढले की भाताला फुटवे कमी येतात, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो.

पुढच्या वर्षी वेळापत्रक मामांसमोर बसून केले. तीन बाय तीन फुटांचे खड्डे फाल्गुनातच खणून घेतले. उन्हात जांभा पहारीला दाद देत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतून ठेवायचे आणि सकाळी खणायचे, ही मामांचीच युक्ती. चैत्रातले यात्रांचे दिवस सुट्टीचे म्हणून आधीच मांडले, त्यामुळे खाडे जवळजवळ थांबले. मोठे पाम वळवाच्या पावसानंतर हुंडीसकट, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट, बसवले, आणि झुडपे व हिरवळ लावणी उरकल्यानंतर केली.

टोळीतल्या कोणालाही नकाशा वाचता येत नव्हता. त्यात त्यांचे काही अडत नव्हते, अडत होते ते माझेच. वाफ्याची कड फक्कीने आखून द्यावी आणि दोन झाडांतले अंतर आकड्यात न सांगता त्या मापाची काठी तोडून हातात द्यावी. हेलिकोनियाच्या काठीला लाल चिंधी आणि फर्नच्या काठीला पांढरी चिंधी बांधल्यावर एकही ओळ चुकली नाही.

मजुरीविषयी स्पष्ट लिहितो. लागवडीत बायांचा हात अधिक सफाईदार असतो, तरी ठेकेदार त्यांची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, पुरुषांपेक्षा कमी लावतो. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली झाला. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, सही करताना दर न वाचणारा पर्यवेक्षक या लबाडीत सामील असतो, आणि पहिले तीन महिने मीही होतो.

माझी महागात पडलेली चूक वाऱ्याची. एकाच जिल्ह्यात माण तालुक्यात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडणेही कठीण, तर महाबळेश्वरला तो ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. त्यामुळे मी सगळा विचार पाण्याचा केला आणि चर, निचरा यांतच गुंतलो. ट्रॅव्हलर्स पामची रांग मात्र पश्चिमेच्या उघड्या कडेवर लावली. टोळीतल्या एका मावशींनी "हितं केळ बी टिकत न्हाई" असे सांगितले होते; मी हसून सोडून दिले. श्रावणापर्यंत त्या पंख्यांच्या चिंध्या झाल्या. पुढे तिथे याच डोंगरांतला भेरली माड लावला. तो एकदा फुलून फळला की मरतो, हे मालकांना मी लागवडीपूर्वीच लेखी कळवले.