मुंगळ्यांची राणी घरी आणायची तर

जूनमधला दमदार पाऊस पडून गेला की पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या बाजूच्या आमच्या सोसायटीत दिव्यांखाली पंखवाल्या किड्यांचा सडा पडतो. त्यात बहुतेक वाळवीच. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड. मुंगळ्याची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या. मी शोधते ती पंख टाकून जमिनीवर हिंडणारी, फुगीर छातीची, दीड सेंटिमीटरच्या आसपासची काळी राणी. पंख टाकलेत म्हणजे बहुधा मीलन झालंय. बीळ खणून मात्र राणी काढू नका. मागे राहिलेली सगळी वसाहत हळूहळू संपते.

काचेची परीक्षानळी घ्या. तळाचा तिसरा हिस्सा पाण्याने भरा, पाण्याला टेकेल असा कापसाचा घट्ट बोळा आत सरकवा. राणीला आत सोडून तोंडाशी दुसरा बोळा. नळी बुटांच्या खोक्यात, अंधारात. फ्रिजवर नको, तिथे हादरे बसतात.

आता खरी परीक्षा आपली: तिला काहीही खायला द्यायचं नाही. उडण्याचे स्नायू आता तिला लागणार नाहीत. ते विरघळवून त्यावरच ती पहिल्या अळ्या पोसते. सारखं डोकावलं तर घाबरून स्वतःचीच अंडी खाते. आठवड्यातून एकदा, लाल जिलेटिन कागद लावलेल्या टॉर्चने बघा. लाल उजेड मुंग्यांना फारसा दिसत नाही. अंडी, अळ्या, मग फिकट कोष. महिना-दीड महिन्यात पहिल्या कामकरी बाहेर येतात, अगदी चिमुकल्या. त्या राणीला चाटून स्वच्छ करताना पाहिल्या की मला अजूनही भरून येतं.

मग साखरपाण्याचा थेंब, आणि अळ्यांसाठी मारलेला डास किंवा झुरळाचा तुकडा. पेस्ट कंट्रोल झालेल्या घरातला किडा कधीच नको. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा, नाहीतर बुरशी धरते.

कामकरी वीस-पंचवीस होईपर्यंत नळी पुरते. पुढे सिपोरेक्सच्या (बांधकामातल्या हलक्या, सच्छिद्र विटेच्या) तुकड्यात स्क्रूड्रायव्हरने खोल्या कोरा, वर काच लावा, एका कोपऱ्यात पाणी मुरू द्या. हे घर एका डब्यात ठेवा आणि डब्याच्या वरच्या कडेला आतून स्पिरिटमध्ये कालवलेली टाल्कम पावडर फासा. वाळल्यावर तिच्यावरून मुंगळ्यांचे पाय घसरतात, बाहेर पडता येत नाही.

एप्रिल-मे मध्ये पुण्याची हवा कोरडी, पाणी भराभर उडतं. रोज नजर ठेवा. डिसेंबरच्या थंडीत अंडी कमी होतात, खाणंही मंदावतं. तेव्हा किडे कमी करा, साखरपाणी चालू ठेवा.