आई आणि वडील: पात्रांची तुलना मुलांकडून कशी करून घ्यावी

वडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या घरी रविवारी सकाळी सहावी-सातवीची काही मुले मराठी वाचायला येतात. त्यांच्या शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाच्या असल्यामुळे मराठी बोलताना ती अडत नाहीत, पण छापील पानावर अडखळतात. अशा मुलांना सबंध पुस्तक देऊन ‘दोन पात्रांतील साम्य व भेद लिहा’ असे सांगू नये. आई प्रेमळ, वडील रागीट, एवढेच उत्तर हाती येते, आणि त्याला तुलना म्हणता येत नाही.

त्याऐवजी दोघेही ज्यात गुंतलेले आहेत असा एकच प्रसंग निवडावा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधील कर्जाचा प्रसंग मला यासाठी सर्वांत सोयीचा वाटतो. आईचे वडील जावयाला जमीन विकून कर्जातून मोकळे होण्याचा सल्ला देतात. वडिलांना वाडवडिलांची जमीन विकवत नाही आणि आईला कर्ज सोसवत नाही. हा भाग दोनदा मोठ्याने वाचून घ्यावा. खोत, सावकार अशा शब्दांचे अर्थ आपणच सांगून पुढे जावे.

यानंतर भेदाआधी साम्य विचारावे. आपण शिकवणारे बहुधा उलटे करतो आणि तिथेच फसतो. ‘दोघांनाही कशाची काळजी आहे?’ या प्रश्नावर माझ्याकडे बराच वेळ ‘पैशांची’ हेच उत्तर येत राहिले. शेवटी एक मुलगी गुजरातीत ‘आबरू’ म्हणाली आणि शेजारच्या मुलाने तिला ‘अब्रू’ हा मराठी शब्द पुरवला. मग पुढचा प्रश्न आपोआप आला: कोणाची अब्रू कशात आहे? वडिलांची जमिनीत आणि घराण्याच्या नावात, तर आईची कोणाचे देणे नसण्यात, असे मुलांनीच सांगितले.

आता वहीत दोन रकाने पाडून द्यावेत. त्यांत पात्राने केलेली कृती किंवा उच्चारलेले वाक्य पानाच्या क्रमांकासह लिहावे, आणि विशेषण अगदी शेवटी, तेही एकच. ‘रागीट’ असे कोणी लिहिले, तर ‘कोणत्या पानावर?’ एवढेच विचारावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ही हकिकत मोठा झालेला श्याम आईची आठवण म्हणून सांगत आहे, त्यामुळे वडील आपल्याला त्याच्याच नजरेतून दिसतात. म्हणून हाच प्रसंग वडिलांच्या तोंडून पाच वाक्यांत लिहायला सांगावा. वडिलांना ‘हट्टी’ ठरवणाऱ्या एका मुलाने लिहिले, ‘शेत विकलं तर पोरांना मागे काय ठेवू?’ त्यानंतर त्याने आपल्या रकान्यातील ‘हट्टी’ खोडले. दुसरा शब्द त्याला सुचेना, आणि मीही तो सुचवला नाही.