गोव्याच्या दमट हवेत गाडीवर ग्लेझ आणि सीलंट कसे तपासून पाहावे

ग्लेझ आणि सीलंट या दोन बाटल्या दुकानात शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात, दोन्हींवर लखलखती गाडी छापलेली असते, आणि दुकानदार दोन्हींना ‘पॉलिश’ म्हणतो. तिथूनच घोळ सुरू होतो. ग्लेझमध्ये तेले आणि बारीक भरण असते. रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, चुकीच्या फडक्याने पडलेले गोल गोल ओरखडे ते भरून काढते, आणि काळी किंवा गडद लाल गाडी नुकती भिजल्यासारखी खोल दिसते. संरक्षण मात्र ते जवळपास काहीच देत नाही. तीन-चार वेळा गाडी धुतली की ते गेले. सीलंट हा कृत्रिम पॉलिमरचा थर. तो ओरखडे फारसे लपवत नाही, पण पाणी, मीठ आणि मळ रंगाला घट्ट धरू देत नाही.

गोव्यात बहुतेकांना गरज सीलंटची असते आणि विकत घेतले जाते ग्लेझ. मिरामार-कळंगुटच्या पट्ट्यात खारा वारा, डिचोली-सांग्याच्या बाजूला तांबडी धूळ, वास्कोत बंदराजवळ कोळशाची भुकटी, आणि गाडी कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा आंब्या-फणसाखाली उभी राहत असेल तर चीक आणि पाखरांची घाण. यातले एकही ग्लेझ अडवत नाही. तरीही कोणाच्या शब्दावर विसंबू नका, माझ्याही नाही. आपल्याच बॉनेटवर पट्टे आखून दोन्ही तपासा. एक सकाळ आणि दीड-दोन महिन्यांची नजर एवढाच खर्च आहे.

केव्हा करायचे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चवथीला (गणेश चतुर्थीला) गाडी चमकली पाहिजे म्हणून ऑगस्टमध्ये सीलंट लावायला बसू नका. गोव्यात जून ते सप्टेंबर ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्या दिवसांत उघड्या पोर्चमध्ये थर नीट सुकणे कठीण. चवथीपुरती चमक हवी असेल तर ग्लेझ लावा, ते त्याच कामाचे आहे.

बॉनेट नुकतेच गॅरेजमध्ये रंगवले असेल तर किमान ३० दिवस, आणि रंगाऱ्याने जास्त सांगितले असेल तर तितके दिवस, सीलंट लावू नका. ताज्या रंगातले द्रावक बाहेर पडायचे असतात. मॅट रंगावर ग्लेझही नको आणि सीलंटही नको.

धुणे आणि उतरवणे

पाइपने धूळ पूर्ण वाहून जाऊ द्या, मग दोन बादल्यांनी (एकीत शाम्पू, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी), पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही अशा, शाम्पूने धुवा. चिऱ्याची तांबडी धूळ खरखरीत असते. तिच्यावर कोरडे फडके फिरवणे म्हणजे सँडपेपर फिरवणे, आणि ज्यांच्यासाठी ग्लेझ शोधत फिरता ते ओरखडे त्यातूनच आलेले असतात. शाम्पूमध्ये वॅक्स नको, नाहीतर तपासणी त्या वॅक्सचीच होईल.

हाताला खरखर लागली तर शाम्पूच्या पाण्याच्या ओल्या थरावर क्ले बार (चिकटलेला मळ ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी) हलक्या हाताने फिरवा. जमिनीवर पडलेला क्ले फेकून द्या, धुऊन वापरू नका.

नंतर जुनी तेले उतरवा. मेडिकल स्टोअरमध्ये ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. त्याचा १ भाग आणि बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरचे ४ भाग स्प्रेच्या बाटलीत घ्या, बॉनेटवर फवारा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. हात धुण्याचे सॅनिटायझर चालत नाही. त्यातले ग्लिसरीन आणि सुवास रंगावर राहतात. भांड्यांच्या साबणाने धुतले की जुने वॅक्स निघते असे सांगणारे खूप भेटतील. ते अर्धवट निघते, आणि रबराच्या पट्ट्या मात्र कोरड्या पडतात. रॉकेल, डिझेल, खोबरेल तेल फिरवून चमक आणणाऱ्यांना गाडीजवळ येऊ देऊ नका. त्या तेलावर धूळ बसते आणि सीलंट बसत नाही.

पट्टे

कागदी मास्किंग टेपने बॉनेटचे चार पट्टे करा, प्रत्येक साधारण ३० सेंटिमीटर रुंद. पट्टे काचेकडून नंबरप्लेटकडे, म्हणजे उताराच्या दिशेने हवेत. आडवे चौकोन आखले तर वरच्या चौकोनातले तेल धुताना खालच्यावर ओघळते आणि निकाल बिघडतो. पहिला पट्टा कोरा, दुसऱ्यावर फक्त ग्लेझ, तिसऱ्यावर फक्त सीलंट, चौथ्यावर ग्लेझ आणि त्यावर सीलंट. कोरा पट्टा वगळू नका. तो नसेल तर बाकीच्यांची तुलना कशाशी करणार? गाडी रोज एकाच बाजूने उन्हात राहत असेल तर दर आठवड्याला तोंड फिरवून लावा. काळ्या प्लास्टिकवरही टेप मारा, सीलंटचे पांढरे डाग तिथून निघता निघत नाहीत.

ग्लेझ फोमच्या पॅडवर चार थेंब घेऊन दुसऱ्या आणि चौथ्या पट्ट्यात पसरा, पुसून टाका. त्यात अवघड काही नाही. चौथ्या पट्ट्यावर ग्लेझनंतर अल्कोहोल फिरवू नका, लावलेले सगळे निघून येईल.

सीलंट: इथे सकाळ वाया जाते

बाटलीवर लिहिलेले असते, ‘१५ मिनिटांनी पुसा’. ही १५ मिनिटे कोरड्या हवेची आहेत. आपल्याकडे दमट हवेत थरातले पाणी आणि द्रावक सावकाश उडतात. घड्याळ बघून पुसले तर अर्धा कच्चा थर फडक्याबरोबर ओढला जातो आणि रंगावर तेलकट इंद्रधनुषी रेघा राहतात. मग माणूस जोरात घासतो, रेघा फक्त जागा बदलतात, आणि शेवटी ‘माल बोगस’ असा निकाल लागतो. मलाही हा टप्पा सगळ्यांत उशिरा जमला, म्हणून कळकळीने सांगते: घड्याळ बाजूला ठेवा आणि बोट वापरा. थरावरून स्वच्छ, कोरडे बोट एकदा ओढा. बोटाखाली स्वच्छ चकाकी दिसली तर पुसायची वेळ झाली. बोटाच्या वाटेवर धूसर, ओलसर रेघ राहिली तर थांबा. जानेवारीत दुपारकडे हे अर्ध्या तासात होते, ऑक्टोबरच्या घामट हवेत तास लागू शकतो.

दुसरी चूक दवाची. हिवाळ्यात पहाटे बॉनेटवर दव धरते. सातला कापडाने पुसले की पत्रा कोरडा दिसतो, पण तो हवेपेक्षा थंड असतो आणि पुन्हा घाम धरतो. त्या न दिसणाऱ्या ओलाव्यावर सीलंट लावले की ते रंगाला धरत नाही. नऊ-साडेनऊपर्यंत थांबा, पत्र्याला हात लावून पाहा. हाताला गार लागता कामा नये, गरमही लागता कामा नये. उन्हात तापलेल्या बॉनेटवर लावले तर उलटा त्रास होतो. थर क्षणात भाजून बसतो आणि पुसताना खरवडावा लागतो. पोर्चची सावली, बंद आणि थंड इंजिन, नऊ ते बारा.

तिसरी चूक जाडीची. एका पट्ट्याला वाटाण्याएवढे सीलंट पुरते, पूर्ण हॅचबॅकला १५ ते २० मिलिलिटर. लावल्यावर पट्टा जेमतेम धूसर दिसावा. पांढरा शुभ्र दिसला तर जास्त झाले. जास्त लावल्याने जास्त टिकत नाही, कारण रंगाला फक्त तळचा थर धरतो आणि वरचे सगळे तुम्ही पुसून टाकता. जाड थर आतून कच्चा राहतो, तेवढाच त्याचा उपयोग. आधी उभे, मग आडवे हात मारा, गोल गोल नको.

आता गोंधळ टाळण्यासाठी एक फरक ध्यानात घ्या. ‘सिरॅमिक स्प्रे’ म्हणून मिळतात ती सीलंट वेगळी वागतात. त्यांतली पुष्कळशी हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतात, म्हणजे दमट दिवशी ती लवकर पकडतात. तिथे बोटाची चाचणी करत बसलात तर काळपट ठिपके घट्ट बसतील. स्प्रे एका वेळी अर्ध्याच पट्ट्यावर मारा, पसरा आणि लगेच, मिनिटाच्या आत, दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. बाटली कोणत्या प्रकारची आहे हे लावण्याआधी वाचा.

तेलकट रेघा उठल्याच तर घासू नका. त्याच सीलंटचा एक थेंब त्याच जागी लावा. वरचा कच्चा थर पुन्हा मऊ होतो, आणि लगेच स्वच्छ फडक्याने पुसला की दोन्ही निघतात. दुसऱ्या दिवशी लक्षात आले तर हलक्या हाताने पॉलिश करून तो पट्टा नव्याने करावा लागेल. फडकी ३०० ते ४०० जीएसएमची (दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाची), फॅब्रिक कंडिशनर न लावता धुतलेली. कंडिशनरचा मेणचट थर हे रेघा न निघण्याचे नेहमीचे कारण आहे, आणि लोक दोष बाटलीला देतात.

पुसून झाले की टेप त्याच दिवशी काढा, उन्हात ठेवल्यास गोंद चिकटतो. पुढचे २४ तास पाणी नाही, दवही नाही. रात्री गाडी उघड्यावर राहणार असेल तर आजचा दिवस सोडा. कव्हर घालू नका, ते कच्च्या थरावर घासते. सीलंटचा दुसरा हात द्यायचा तो या २४ तासांनंतर.

काय बघायचे

दर आठवड्याला त्याच शाम्पूने धुवा, पाणी मारताना एकाच कोनातून फोटो काढा. पहिल्या आठवड्यात ग्लेझच्या पट्ट्यावरही पाण्याचे गोल मणी दिसतील, कारण तेलावर पाणी तसेच वागते. म्हणून मणी दिसले की संरक्षण आहे हे गृहीत धरणे चुकीचे. तिसऱ्या-चौथ्या धुण्यानंतर दुसरा पट्टा कोऱ्यासारखा होईल आणि मोबाइलच्या टॉर्चखाली ओरखडे परत दिसतील. तिसरा पट्टा तेव्हाही पाणी झटकत असेल. चौथा पहिल्या दिवशी सर्वांत देखणा असतो आणि तिसऱ्याच्या आधी मरतो. तेलकट ग्लेझवर सीलंट बसते ते तेलावर, रंगावर नव्हे. तेल वाहिले की तेही वाहते. म्हणून तेलकट ग्लेझवर कारनोबा वॅक्स (झाडाच्या पानांपासून मिळणारे मेण) लावा, सीलंट नको. बाटलीवर ‘सीलंटखाली चालते’ असे स्पष्ट लिहिलेले ॲक्रिलिक ग्लेझ असेल तर चौथा पट्टा त्याने करून पाहा.

बोअरवेलचे पाणी वापरत असाल तर धुतल्यावर लगेच टिपून घ्या. सीलंटवरचे मणी उन्हात सुकले की प्रत्येक मण्याच्या जागी क्षाराचे पांढरे कडे राहते, आणि ते कोऱ्या रंगापेक्षा ठळक दिसते.

दीड-दोन महिन्यांनी पट्टे एकसारखे करा: संपूर्ण बॉनेट अल्कोहोलच्या पाण्याने पुसा, तरीही सीलंटच्या पट्ट्यांवर पाणी झटकले जात असेल तर हलके पॉलिश फिरवा. मग जो पट्टा जिंकला तो सगळ्या गाडीवर लावा. पावसाआधीचा हात १५ मेच्या आत द्या. त्यानंतर वळवाच्या सरी सुरू होतात आणि २४ कोरडे तास मिळतील याची खात्री राहत नाही.